वेळेचा सरवा

प्रवासाला निघताना हाताशी किती वेळ राखून निघावे, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा आहे, नीतीचा नाही. सहाच्या गाडीसाठी पाचलाच स्टेशनवर जाऊन बसणारे एक, आणि शिट्टी झाल्यावर डब्याचा दांडा पकडणारे दुसरे, अशी दोन्ही तऱ्हांची माणसे आपल्या प्रत्येक मंडळीत, किंबहुना प्रत्येक घरात असतात. पहिले दुसऱ्यांना बेफिकीर म्हणतात, दुसरे पहिल्यांना भित्रे म्हणतात. आम्ही उभयता पहिल्या पंथाचे. बेळगावहून मुंबईला जायचे झाले तरी आदल्या दिवशी दुपारी आमच्या बॅगा दाराशी येऊन बसतात. या सवयीचा आम्हांला थोडा अभिमानही होता. तो अभिमान फ्रान्समधल्या एका खेड्याहून विमानतळाकडे येताना कसा उतरला, हे सांगावे आणि त्यातून निघालेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दक्षिण-मध्य फ्रान्समध्ये, ओत-लोआर जिल्ह्यात, सुमारे एक हजार मीटर उंचीच्या पठारावर ल शांबों-स्युर-लिन्यों हे गाव आहे. फ्रान्स हा बहुतांशी कॅथलिक परंपरेचा देश; पण या पठारावर प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांची वस्ती शतकानुशतके आहे, आणि स्वतःच्या धर्मासाठी छळ सोसल्याची आठवण त्यांच्या घराघरांत जतन केलेली आहे. १९३४ साली आंद्रे त्रोकमे हे पाळक येथे आले. १९४० साली फ्रान्सचा पाडाव झाल्यावर या गावाने व भोवतालच्या वाड्यावस्त्यांनी हजारो निर्वासितांना, विशेषतः यहूदी स्त्रीपुरुषांना व मुलांना, आपल्या घरांत, शाळांत आणि वसतिगृहांत आसरा दिला. किती जणांना, याचा नेमका हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवणे धोक्याचेच होते. १९४३ साली त्रोकमे आणि त्यांचे दोन सहकारी काही आठवडे अटकेत होते. त्यांचे नातलग दानिएल त्रोकमे हे मुलांचे एक वसतिगृह चालवीत. त्यांना विद्यार्थ्यांबरोबर पकडून नेण्यात आले आणि १९४४ साली मायदानेक येथील छळछावणीत त्यांचा अंत झाला. १९९० साली इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने या गावाचा व परिसरातील रहिवाशांचा एकत्रित सन्मान केला.

ही हकीकत आम्ही शब्बाथशाळेच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पाळकसाहेबांच्या पत्नी माग्दा त्रोकमे यांच्या दारावर युद्धातल्या पहिल्या हिवाळ्यांपैकी एका रात्री एक अनोळखी यहूदी बाई थापा मारते, आणि माग्दाबाई तिला आत घेतात, हा प्रसंग तर मुलांना तोंडपाठ. तेव्हा ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे अशी फार दिवसांची इच्छा होती. २०२५ साली ती पुरी झाली. मुलाने तिकिटे काढून दिली, घरी म्हाताऱ्या आईजवळ शेजारच्या काकू राहायला आल्या, आणि आम्ही आठ दिवस शांबोंच्या बाहेर एका शेतकरी बाईंच्या घरी खोली घेऊन राहिलो. २०१३ साली उघडलेले तेथील स्मृतिसंग्रहालय पाहिले. पेन्टेकॉस्टच्या रविवारी तेथील जुन्या दगडी देवालयात उपासनेला बसलो. भाषा कळली नाही, पण रडूही आवरले नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी ९ जूनला, परत निघायचे होते.

फ्रान्सच्या खेड्यातून विमानतळ गाठणे हे काम आपल्याकडच्या वाचकांना वाटते तितके सोपे नाही. अतिवेगवान गाड्या १९८१ सालापासून त्या देशात आहेत हे खरे. पण त्या शहरांना जोडतात, गावांना नव्हे. शांबोंला एके काळी अरुंद रुळांची छोटी आगगाडी येत असे. युद्धकाळातले निर्वासित तिनेच पठारावर चढले. तो मार्ग १९६८ साली बंद झाला. आता त्याच्या काही भागावर उन्हाळ्यात हौशी प्रवाशांसाठी जुनी गाडी फिरवतात, एवढेच. बाकी भरवसा बसचा, आणि बस सुटीच्या दिवशी कमी. पेन्टेकॉस्टचा सोमवार ही तेथे सुटी असते. आमच्या वेळेला एकही बस नव्हती. गावातली टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते, आणि ती दुसऱ्या कोणी आधीच सांगून ठेवली होती. हिवाळ्यात तर या पठारावर ‘ब्युर्ल’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो शेतातले बर्फ उडवून रस्त्यावर आणून टाकतो आणि रस्ता बुजवतो. जून असल्यामुळे त्याची चिंता नव्हती.

अशा प्रवासाचा हिशेब मागून पुढे करावा लागतो. आमचे विमान रात्री नऊचे, पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावरून. म्हणजे तीन तास आधी, सहाला तेथे पोचले पाहिजे. १९९४ सालापासून या विमानतळाच्या पोटातच वेगवान गाड्यांचे स्टेशन आहे, त्यामुळे ल्यों शहरातून थेट गाडी मिळते. बॅगा ओढत पॅरिसमध्ये गाड्या बदलाव्या लागत नाहीत, आणि दोन तासांत माणूस विमानतळावर उतरतो. ल्योंला पोचायचे सेंत-एत्येनहून, तासाभराच्या आतल्या साध्या गाडीने. आणि सेंत-एत्येनला पोचायचे मोटारीने, घाटवळणाच्या रस्त्याने, सव्वा-दीड तासांत. या प्रत्येक सांध्यात आम्ही वेळ भरून ठेवला. सेंत-एत्येनला पन्नास मिनिटे. ल्योंला सव्वा तास. विमानतळावर, आवश्यक ते तीन तास सोडून, आणखी साडेचार तास. घरमालकीणबाईंनी तो कागद पाहिला आणि त्या हसल्या. आम्हीही हसलो, पण कागद बदलला नाही.

मोटारीचा प्रश्न त्यांच्या शेजाऱ्यांनी सोडवला. हे पंचाहत्तरीच्या घरातले शेतकरी, आम्ही आपापसांत त्यांना आजोबा म्हणत असू. सुटीच्या दिवशी सकाळी सातला ते आपली जुनी गाडी घेऊन दाराशी उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, आम्हांला फ्रेंच येत नव्हते. पैशांचा विषय काढला तेव्हा त्यांनी बॅगेचा दांडा आमच्या हातातून काढून घेतला, हेच उत्तर.

तांस नावाचे गाव मागे टाकून आम्ही इसांजोच्या दिशेने चाललो होतो. रस्त्याला वर्दळ नव्हती. एका वळणापलीकडे एक लहान मोटार कडेला उभी होती. तिचे दिवे उघडझाप करीत होते. मागे लाल त्रिकोण ठेवलेला, आणि रस्त्याच्या कडेच्या गवतात पिवळी बंडी घातलेली एक तरुण बाई, कडेवर मूल घेऊन उभी. त्रिकोण आणि पिवळी बंडी प्रत्येक मोटारीत ठेवणे त्या देशात २००८ सालापासून सक्तीचे आहे, म्हणजे बाईने नियमाने करायचे ते सर्व केले होते. तिने हात केला.

आजोबांनी वेग कमी केला आणि आमच्याकडे पाहिले. बोलता येत नव्हते म्हणून त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवले, मग ते बोट त्या बाईकडे केले, आणि भुवया वर केल्या. यापेक्षा स्पष्ट प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता आला नसता. गाडी तुमच्यासाठी निघाली आहे. वेळ तुमचा आहे. काय करू?

आम्ही बोट पुढे केले. रस्त्याच्या दिशेने.

आम्हा दोघांपैकी ते बोट कोणाचे, हे सांगण्याची गरज नाही. दोघांच्याही मनात ते होते. आजोबा काही बोलले नाहीत. गाडीने पुन्हा वेग घेतला. मागच्या काचेतून ती बाई आम्हांला एकदा दिसली. तिने हात खाली घेतला होता.

साडेआठला आम्ही सेंत-एत्येनला पोचलो. आजोबांनी बॅगा उतरवून दिल्या, दोघांचे हात हातात घेतले आणि ते परत फिरले. नंतर जे झाले ते आमच्या कागदाबरहुकूम झाले. फलाटावर पन्नास मिनिटे. ल्योंला सव्वा तास. दीड वाजता विमानतळ. मग साडेचार तास एका बाकावर, समोरच्या फळ्यावर आमच्या विमानाचे नाव येण्याची वाट पाहत. सर्व मिळून साडेसहा तासांहून अधिक वेळ त्या दिवशी आमच्याजवळ शिल्लक होता. मागितली होती ती फार तर वीस मिनिटे.

बाकावर बसल्यावर पहिला तास आम्ही याविषयी बोललो नाही. मग दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली, आणि एकमेकांना समजावू लागलो. मागून दुसरी कोणी गाडी आलीच असेल. बाईजवळ फोन असेलच. आपल्याला मोटारीतले काय कळते? आजोबा परत त्याच रस्त्याने जाणार होते, ते पाहतीलच. ही चारही कारणे खरी असू शकतात. पण बोट पुढे करताना यांपैकी एकही कारण आमच्या मनात नव्हते. तेव्हा मनात फक्त विमान होते. कारणे मागाहून, बाकावर सापडली.

वाचकांना चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत सांगण्याची आवश्यकता नाही. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, ते का, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. आपण उपदेशातून त्यांना निष्ठुर, ढोंगी, सोवळेवेडे ठरवून मोकळे होतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली व डॅनिएल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची एक परीक्षा घेतली आणि ती १९७३ साली प्रसिद्ध केली. तेथील धर्मशिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटे भाषण करण्यासाठी पाठविले. काहींना विषय दिला होता तो याच दृष्टांताचा. वाटेवरच्या बोळात, एका दाराशी, एक मनुष्य मान खाली घालून, खोकत, कण्हत बसवून ठेवलेला होता. काहींना सांगितले होते की तुम्हांला उशीर झाला आहे, लवकर जा; काहींना, की वेळ झालीच आहे; आणि काहींना, की अजून थोडा अवकाश आहे. चाळीस जणांपैकी सोळांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदत देऊ केली. अवकाश असलेल्यांपैकी शेकडा ६३, मध्यम घाईतल्यांपैकी ४५, आणि उशीर झाला असे सांगितलेल्यांपैकी फक्त १०. दृष्टांतावर बोलायला निघाले होते की दुसऱ्या विषयावर, यामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर भाषण करायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून पुढे गेले.

हा प्रयोग आम्ही पूर्वी वाचला होता आणि शिक्षकांच्या एका बैठकीत गमतीने सांगितलाही होता. त्या दिवशी तो आमच्यावर उलटला. शांबोंच्या संग्रहालयातून, माग्दाबाईंच्या दारावरून, पेन्टेकॉस्टच्या उपासनेतून उठून आम्ही थेट त्या वळणावर आलो होतो, आणि एवढ्या साऱ्याने आमचे बोट तसूभरही वळले नाही.

मात्र प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांत आणि आमच्यात एक भेद आहे, आणि तो आमच्या बाजूचा नाही. त्यांना घाई होती. आम्हांला नव्हती. त्यांना कोणी तरी उशीर झाल्याचे सांगितले होते. आमच्या खिशात साडेसहा तास शिल्लक असल्याचा स्वहस्ते लिहिलेला कागद होता. म्हणजे घाई घड्याळात असतेच असे नाही. ती माणसाच्या आत असू शकते, आणि घड्याळाला कितीही वेळ खाऊ घातला तरी तिचे पोट भरत नाही.

येथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. विमान चुकणे ही लहान गोष्ट नाही. तिकिटाचे पैसे बुडतात. परवान्याचे दिवस ठरलेले असतात. युरोपच्या त्या देशांत आपल्यासारख्या पाहुण्यांस कोणत्याही १८० दिवसांत ९० हून अधिक दिवस राहता येत नाही, आणि पुष्कळदा व्हिसा त्याहूनही थोड्या दिवसांचा असतो. घरी कोणी वाट पाहत असते. आमची आई ऐंशीच्या पुढची. पावसाळा तोंडावर आलेला, आणि काकूंनी त्यांच्या घरचे काम खोळंबून ठेवलेले. मग रस्त्यावरची अनोळखी बाई तेवढी शेजारी, आणि घरी डोळे लावून बसलेली आई व खोळंबलेल्या काकू शेजारी नव्हेत काय? ज्याला दिलेला शब्द आहे त्याला ताटकळत ठेवून, जो वाटेत भेटला त्याच्यासाठी थांबणे, हे नेहमीच चांगले का? प्रिन्स्टनच्या त्या दोघा अभ्यासकांनीही म्हटले होते की जे थांबले नाहीत ते सगळे निर्दय नव्हते. दोन कर्तव्यांच्या ओढाताणीत सापडून पुष्कळ जण अस्वस्थ मनाने पुढे गेले.

हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. आजोबांनी प्रश्न विचारला तेव्हा विमान सुटायला दोनच तास राहिले असते, तर आम्ही पुढे जावे की नाही, याविषयी दोन प्रामाणिक माणसांचे दोन मते होऊ शकतात. तरीही तेव्हा निदान एवढे करता आले असते की काच खाली करून तिला विचारावे. सबंध युरोपात चालणाऱ्या ११२ या क्रमांकावर फोन लावावा. आजोबा दोन तासांत परत येतील असे खुणेने सांगावे. थांबणे आणि न थांबणे यांच्या मध्ये पुष्कळ जागा असते. पण आमच्यापुढे ती ओढाताण नव्हतीच. आईचा, काकूंचा, विमानाचा वाटा आम्ही आधीच काढून ठेवला होता. ती वीस मिनिटे कोणाच्याच वाट्याची नव्हती. तरी आम्ही ती दिली नाहीत.

फ्रान्सच्या कायद्यात एक कलम आहे. धोक्यात सापडलेल्या माणसाला, स्वतःला वा इतरांना अपाय न होता मदत करता येण्यासारखी असून जो ती करीत नाही, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पंचाहत्तर हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम आम्हांला पूर्वीच माहीत होते, आणि बाकावर त्याचाही आधार घेऊन पाहिला. ती बाई धोक्यात नव्हती. सकाळची वेळ, कोरडा रस्ता, हवा चांगली. कायद्याने आम्ही निर्दोष. पण कायदा जेथे संपतो तेथून पुढेच तर शेजारधर्माची बहुतेक जमीन पसरलेली असते. कोणी मरत नसते, कोणी बुडत नसते. कोणी तरी कडेवर मूल घेऊन उभे असते, इतकेच.

त्या बाकावर आम्हांला लेवीयातला जुना नियम आठवला. पिकाची कापणी करताना शेताचे कोनेकोपरे कापू नयेत आणि खाली पडलेला सरवा वेचू नये. तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा, असा तो नियम. आमच्या बेळगाव भागात भुईमूग काढून झाला की गावातल्या बायामुले शेतात राहिलेल्या शेंगा वेचायला येतात, आणि जाणता शेतकरी त्यांना हटकत नाही. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवाच वेचीत होती. या नियमात एक बारीक गोष्ट आहे. तो शेतकऱ्याला दान कर असे सांगत नाही. तो सांगतो की तो कोपरा तुझा नाहीच. तू पेरलास, तू राखलास, तरी तुझा नाही.

आमचा तो राखून ठेवलेला वेळ हा असाच शेताचा कोपरा होता, असे आता आम्हांस वाटते. आम्ही तो पेरला, जपला, आणि मग शेवटच्या शेंगेपर्यंत स्वतःच वेचून घेतला. वेचून केले काय? बाकावर बसून वाळवला. रानात इस्राएल लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी उगाच साठवलेल्या मान्न्याचे जे झाले, तेच आमच्या साडेसहा तासांचे झाले.

आम्ही वेळेआधी निघणाऱ्यांच्या पंथातून नाव काढून घेतले असे मात्र कोणी समजू नये. उलट या प्रसंगाने आमची ती सवय अधिकच पक्की केली आहे, फक्त तिचे कारण बदलले आहे. जो शेवटच्या क्षणाला निघतो त्याच्याजवळ कोपराच नसतो. तो निष्ठुर नसेल, पण त्याला दयाळू होण्याची सवडही नसते. त्याच्या उशिराची किंमत दुसरे भरतात: सुसाट गाडी हाकणारा चालक, रांगेत मागे सरकून त्याला जागा देणारे प्रवासी, घरी घोर लावून बसलेली माणसे. म्हणून वेळ राखावा. परंतु वेळ राखला म्हणजे आपण सुरक्षित झालो, ही समजूतही खोटी. २०१० सालच्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातली विमाने कित्येक दिवस जमिनीवर राहिली. २०२४ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी ट्रॅक्टर आणून पॅरिसभोवतीचे हमरस्ते अडवले. अशा वेळी तीन तास आधी निघालेला आणि तीन मिनिटे आधी निघालेला सारखेच अडकतात. राखलेला वेळ म्हणजे तटबंदी नव्हे. मग तो कशासाठी, याचे उत्तर त्या वळणावर उभे होते.

घरी परतल्यावर दहा-बारा दिवसांनी आमच्या घरमालकीणबाईंचा निरोप आला. आम्ही पोचल्याचे कळवताना त्या बाईविषयी विचारले होते. आजोबा परतीच्या वाटेवर त्या वळणाशी मुद्दाम थांबले, तेव्हा तेथे कोणी नव्हते. पुढे तांसमध्ये चौकशी करता कळले की आमच्या मागून थोड्याच वेळाने दूध गोळा करणारी टाकीची गाडी त्या रस्त्याने आली. गाई सुटी पाळत नाहीत, म्हणून दूधवालाही पाळत नाही. त्याच्या गाडीत नाशवंत माल होता, पुढच्या गोठ्यांतून शेतकरी वाट पाहत होते, आणि आमच्यासारखा साडेसहा तासांचा कागद त्याच्या खिशात नव्हता. त्याने बाईला व मुलाला आपल्याजवळ बसवून घेतले आणि गावात नेऊन सोडले. मग तो आपल्या फेरीला लागला.

निरोपात आमच्याविषयी बरेवाईट काही लिहिलेले नव्हते. ‘आईंची प्रकृती कशी आहे?’ असे विचारले होते.

आता आम्ही घरून निघताना हिशेबाच्या कागदावर एक ओळ वेगळी लिहितो. बेळगावच्या स्टेशनवर जायचे असो की चर्चमध्ये रविवारी सकाळी, शेवटची वीस मिनिटे त्या ओळीत घालतो, आणि ती आपली नव्हेत असे एकमेकांना सांगतो. पुष्कळदा ती कोणी मागत नाही. मग आम्ही लवकर पोचतो आणि नुसते बसतो. कधी रिक्षाच्या वाटेत कोणी पत्ता विचारतो, कधी जिन्यावर कोणाची पिशवी फाटते. अशा वेळी हात आपोआप पुढे होतो असे म्हणवत नाही. अजून आधी डोळे घड्याळाकडे जातात, मग त्या ओळीची आठवण होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती करून लेख पुरा करतो. हा दृष्टांत पुढच्या वेळी शिकवाल तेव्हा याजकाला आणि लेव्याला दुष्ट करून सोडू नका. मुलांना विचारा, ते दोघे कोठे निघाले असतील? त्यांची कोण वाट पाहत असेल? त्यांच्याजवळ किती वेळ शिल्लक असेल? मुले उत्तरे देतील, आणि ती मोठ्यांच्या उत्तरांहून खरी असतील. आमच्या वर्गात आम्ही हे प्रश्न गेल्या पावसाळ्यात विचारले. मग त्या वळणावरची हकीकतही सांगितली, बोटासकट. वर्ग बराच वेळ गप्प होता. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “त्या बाळाचे नाव काय होते?”

ते आम्हांला माहीत नव्हते. विचारायला आम्ही थांबलो नव्हतो.